आम्ही की आपण? त्रिनिदादचा कॅलिप्सो आणि त्याच्या स्पर्धा

आजचा विषय तसा लांबचा आहे, पण त्याचा एक धागा आपल्या अगदी ओळखीचा आहे, तिथूनच सुरुवात करू.

१९७१ सालचा वेस्ट इंडीज दौरा आपल्याकडे अजून लोकांना तोंडपाठ आहे. अजित वाडेकर कर्णधार. पोर्ट ऑफ स्पेनला दुसरी कसोटी आपण सात गडी राखून जिंकलो, बाकीच्या चार अनिर्णित राहिल्या, मालिका १-० अशी खिशात. मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा. आणि बोटाच्या दुखण्यामुळे पहिला सामना हुकलेल्या एकवीस वर्षांच्या सुनील गावस्करच्या चार कसोट्यांत ७७४. शेवटची कसोटी परत पोर्ट ऑफ स्पेनलाच झाली, तिथे एका डावात १२४ आणि दुसऱ्यात २२०. या मालिकेवर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने कॅलिप्सो केला, हेही आपल्याला माहीत असतं. त्याचं खरं नाव विलर्ड हॅरिस. गावस्करचा कुठलाही सत्कार असला की कुणीतरी या गाण्याची आठवण काढतोच.

आता गंमत अशी आहे की आपण ते गाणं गावस्करला मिळालेलं प्रशस्तिपत्रक म्हणून ऐकतो. ते तसं आहेही. पण नीट ऐकलं तर त्याचा मोठा भाग गावस्करबद्दल नाहीच, तो स्वतःच्या संघाबद्दल आहे. आमच्या गोलंदाजांची काय अवस्था झाली, काही केल्या हा गडी बाद होईना, एक भिंतच उभी राहिली, आणि आमचा सोबर्ससारखा सोबर्सही काही करू शकला नाही! हरलेला माणूस स्वतःच्या फजितीचं गाणं करतो आणि सगळ्यांना त्यावर हसवतो. यात कडवटपणा कुठेही नाही. पराभव इतका हसत सांगायला कुठून येत असेल, असा प्रश्न पडतो.

आणि तो काळ बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७० साली, त्रिनिदादमध्ये ब्लॅक पॉवरचं मोठं आंदोलन झालं होतं, एप्रिलमध्ये आणीबाणी लागू करावी लागली होती. देशात आफ्रिकी वंशाचे लोक आणि भारतीय वंशाचे लोक साधारण बरोबरीने, आणि दोघांमध्ये राजकारणाची सरळ फाळणी. क्वीन्स पार्क ओव्हलवर भारताचा संघ खेळायला उतरला की तिथल्या भारतीय वंशाच्या प्रेक्षकांतले पुष्कळ जण भारताच्या बाजूने ओरडायचे, आणि शेजाऱ्यांना ते लागायचं. म्हणजे गावस्करचं कौतुक ही त्या मैदानात साधी गोष्ट नव्हती. रिलेटर ते कौतुक करतो, आणि असं करतो की ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना ते गुणगुणता यावं.

इथे आम्हाला मराठीची फार मदत होते. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत दोन आहेत: आम्ही आणि आपण. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. कॅलिप्सो इंग्रजीत, म्हणजे त्रिनिदादच्या इंग्रजीत असतो. तिथे गाणाऱ्याला हा भेद शब्दात करावा लागत नाही. तो लपून राहतो. आज आपण तोच शोधणार आहोत. या गाण्यांतला 'वुई' कुठे 'आम्ही' आहे, कुठे 'आपण' आहे, आणि यात स्पर्धेचा, म्हणजे परीक्षक, गुण, बक्षीस, मुकुट या सगळ्या व्यवस्थेचा हात किती.

पहिली गोष्ट, स्पर्धा ही कॅलिप्सोला बाहेरून चिकटलेली नाही. पुष्कळ जण म्हणतात, लोककला होती बिचारी, सरकारने तिची स्पर्धा केली आणि ती बिघडली. हे तितकंसं खरं नाही. कॅलिप्सोचा उगमच भांडणात आहे. १७८३ नंतर स्पेनच्या ताब्यातल्या या बेटावर फ्रेंच मळेवाले आपले गुलाम घेऊन आले, त्यांच्याबरोबर कार्निवल आला. तोच कॅथलिक सण जो गोव्यात होतो, लेंटचा उपासाचा काळ सुरू व्हायच्या आधीचे दिवस. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. १८३४ ला गुलामगिरी कायद्याने गेली, १८३८ ला प्रत्यक्षात सुटका झाली, आणि मग मुक्त झालेल्या लोकांनी रस्त्यावरचा कार्निवल आपल्या हातात घेतला. त्यात 'कालिंदा' नावाचा लाठीचा खेळ असे. दोन टोळ्या, दोन लाठीवाले, आणि प्रत्येक टोळीचा एक गाणारा, त्याला 'शांतवेल' म्हणत. त्याचं काम काय, तर आपल्या गड्याची तारीफ करायची, समोरच्याचा पाणउतारा करायचा आणि टोळीकडून पालुपद म्हणवून घ्यायचं. लाठी डोक्यावर बसायच्या आधी शब्द बसत.

१८८१ साली पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर यांनी या मिरवणुका मोडायचा प्रयत्न केला तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर लाठीवाले आणि पोलीस यांची तुंबळ मारामारी झाली. नंतर १८८४ मध्ये ढोलांवर बंधनं आली. लाठी मागे पडली, ढोल मागे पडला, शांतवेल मात्र उरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो 'टेंट'मध्ये जाऊन बसला. टेंट म्हणजे बांबू आणि झावळ्यांचा मांडव, पुढे चित्रपटगृहं आणि सभागृहं आली तरी नाव टेंटच राहिलं. तिथे तिकीट काढून लोक ऐकायला येऊ लागले.

आणि या गायकांनी नावं काय घेतली बघा: रोअरिंग लायन, ग्राउलिंग टायगर, अटिला द हन, लॉर्ड इन्व्हेडर, लॉर्ड किचनर. साहेबाच्या राज्यात काळ्या माणसाने स्वतःला लॉर्ड म्हणवून घ्यायचं! त्या नावांतही लाठीच्या आखाड्याचा माज उरलेला आहे. एकमेकांची खिल्ली उडवण्याला 'पिकाँग' म्हणतात, हा मूळ फ्रेंच शब्द, टोचणारा या अर्थाचा. रंगमंचावर दोघांचे तिथल्या तिथे रचलेले सवाल-जवाबही होतात, त्याला 'एक्स्टेंपो', त्याचीही आता वेगळी स्पर्धा आहे. तेव्हा हरवणं, जिंकणं, लोकांच्या आरोळ्यांवर निकाल लागणं हे रक्तातच होतं.

सरकारला या गाण्यांची भीती वाटायची. १९३४ च्या कायद्याने गायकांना आपली गाणी आधी पोलिसांना दाखवावी लागत. अटिला द हन, म्हणजे रेमंड क्वेव्हेडो, या सेन्सॉरशिपवरच गात असे, आणि हाच माणूस १९४६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरसभेवर निवडून आला, पुढे विधिमंडळातही गेला. इंग्रज अमलात गाण्यातला 'वुई' सोपा होता. समोर साहेब होता, त्यामुळे 'आम्ही' म्हटलं की कुणाच्या विरुद्ध ते सांगावं लागत नसे. अडचण पुढे आली, साहेब गेल्यावर.

१९३९ साली ग्राउलिंग टायगर 'कॅलिप्सो किंग' ठरला. पण स्पर्धा खऱ्या अर्थाने देशाच्या राजकारणात आली ती १९५६ मध्ये. त्या वर्षी माइटी स्पॅरो नावाचा विशीतला पोरगा 'जीन अँड डायना' या गाण्यावर जिंकला. त्याचं नाव स्लिंगर फ्रान्सिस्को, जन्म शेजारच्या ग्रेनाडा बेटावरचा, म्हणजे त्रिनिदादचा सर्वांत मोठा आवाज मूळचा बाहेरचाच. गाण्याचा विषय होता, अमेरिकन सैनिक तळ सोडून गेले, आता त्यांच्यावर पोट असणाऱ्या बायका पुन्हा गावातल्या पोरांच्या वाट्याला आल्या. आज ऐकताना त्यातली पुरुषी मग्रुरी टोचते, आणि टोचायलाच हवी. पण त्यातला टोमणा मोठ्या माणसांनाही लागत होता. परकी पैशावर उभी राहिलेली अख्खी एक व्यवस्था ओसरत होती, आणि हे सांगायला कुणी अर्थशास्त्रज्ञ आला नाही, स्पॅरो आला.

त्याला बक्षीस मिळालं ४० डॉलर. त्याच कार्निवलमध्ये सौंदर्यस्पर्धेच्या राणीला, आणि ती बहुतेक वेळा गोऱ्या किंवा उजळ घरातली मुलगी असायची, याच्या कितीतरी पट जास्त मिळे. स्पॅरोने पुढच्या वर्षी बहिष्कार घातला आणि त्या बहिष्काराचंही गाणं केलं. तोवर एरिक विल्यम्स यांचा पक्ष सत्तेवर आलेला होता, कार्निवलसाठी सरकारी समिती आली, बक्षिसं वाढली. आता हे चांगलं झालं की वाईट? आमचं मत सरळ आहे. पोटाला नसलेल्या गाणाऱ्याला पैसे मिळाले, हे चांगलंच झालं, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण पैशाबरोबर आणखी एक गोष्ट आली. आता जो जिंकेल तो नुसता टेंटचा राजा नव्हता, राष्ट्राचा राजा होता. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि दर वर्षी कार्निवलच्या रविवारी रात्री सवानाच्या मोठ्या मैदानावर, 'डिमांश ग्रा'च्या कार्यक्रमात, राष्ट्र कुणाच्या तोंडून बोलणार याचा निकाल लागू लागला.

निकालाची रीतही समजून घेऊ, कारण रीतीने गाणं घडतं. कार्निवलमध्ये दोन मोठे मान आहेत. एक 'रोड मार्च'. सोमवार-मंगळवारी रस्त्यावरून पथकं जातात, ठरलेल्या ठिकाणी त्यांनी कोणतं गाणं सर्वांत जास्त वेळा वाजवलं ते मोजतात. इथे परीक्षक नाहीत, पाय आहेत. दुसरा 'कॅलिप्सो मोनार्क'. इथे शब्द, चाल, गायकी, सादरीकरण, नावीन्य अशा निकषांवर गुण दिले जातात, आणि बराच काळ प्रत्येक गायकाला दोन गाणी म्हणावी लागत. एक गंभीर, एक हलकं, असा हिशेब गायक करायचे. म्हणजे राष्ट्राला उपदेशही करायचा आणि थोडं नाचवायचंही. किचनरने रोड मार्च किती वेळा जिंकला याला सुमार नाही, मोनार्कचा मुकुट मात्र त्याला एकदाच मिळाला, १९७५ साली. चॉकडस्ट, म्हणजे हॉलिस लिव्हरपूल, पेशाने शिक्षक, पुढे इतिहासात पीएचडी केलेला माणूस, नऊ वेळा मोनार्क झाला. पाय एकाला निवडतात, गुणपत्रिका दुसऱ्याला. दोन्ही एकाच वर्षी जिंकणं फार थोड्यांना जमलं. १९८६ मध्ये डेव्हिड रडरला जमलं, आणि तो किस्सा तिथे अजून सांगतात.

उपांत्य फेरी दक्षिणेत, सान फर्नांडोच्या स्किनर पार्कवर होते. तिथलं पब्लिक फार कडक. गाणं आवडलं नाही की लोक टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या हवेत फडकवतात. (हशा) तुम्ही हसताय, पण समीक्षेची इतकी स्वच्छ पद्धत आमच्या पाहण्यात नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. १९७९ चं एक गाणं आणि त्यावरचा वाद.

गायक ब्लॅक स्टॅलिन, खरं नाव लिरॉय कॅलिस्ट, रस्तफारी विचाराचा माणूस. त्या वर्षी तो मोनार्क झाला. त्याच्या दोन गाण्यांपैकी एकाचं नाव 'कॅरिबियन युनिटी', लोक त्याला 'कॅरिबियन मॅन' म्हणून ओळखतात. गाण्याचा विषय राजकीय आहे, आणि मांडणी हुशार आहे. कॅरिबियन बेटांना एकत्र आणायचे सरकारी प्रयत्न एकामागून एक फसले. १९५८ चं फेडरेशन १९६२ मध्ये मोडलं, मग कॅरिफ्टा आली, मग कॅरिकॉम. स्टॅलिन म्हणतो, तुम्ही व्यापाराचे करार करत बसलात, माणसांना ओळखलंच नाही. ज्या रस्तफारींना तुम्ही कस्पटासमान लेखता त्यांची चळवळ मात्र एकाही कराराशिवाय बेटाबेटांत पसरली. आणि मग तो एकतेचं कारण सांगतो: कॅरिबियन माणसाचं मूळ एक आहे, तो एकाच सागरी प्रवासातून इथे आलेला आहे.

गाणं म्हणून हे उत्कृष्ट आहे. चाल धरून ठेवते, युक्तिवाद पायरी पायरीने चढतो, पुढारी उघडे पडतात. मुकुट मिळाला यात नवल नाही. पण गुलामांच्या जहाजाचा तो प्रवास ज्यांच्या वाट्याला आलाच नाही, त्यांचं काय? ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून त्रिनिदादला पोचलं. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं करारबद्ध मजूर म्हणून उसाच्या मळ्यांत आणली गेली, बहुतेक भोजपुरी बोलणारी. १९७९ मध्ये त्यांची नातवंडं-पणतवंडं देशाच्या साधारण ४० टक्के होती. त्यांचं जहाज वेगळं, मूळ वेगळं. मग ती कॅरिबियन नाहीत काय?

हा प्रश्न तेव्हाच, जोरात, विचारला गेला. वर्तमानपत्रांत महिनोन् महिने पत्रं, लेख, उत्तरं, प्रत्युत्तरं. भारतीय वंशाचे लोक म्हणाले, राष्ट्रीय मुकुट मिळालेल्या गाण्यातून आम्हाला वगळलं. स्त्रिया म्हणाल्या, 'मॅन' म्हणजे आम्हीही नाहीच. रमेश देओसरन या अभ्यासकांनी तर या वादावर स्वतंत्र अभ्यास केला: एकच गाणं दोन समाजांना इतकं वेगळं का ऐकू येतं? स्टॅलिनच्या बाजूचे म्हणाले, अहो, त्याने आपल्या लोकांबद्दल गायलं, इतरांविरुद्ध एक शब्द काढलेला नाही.

आम्हाला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. स्टॅलिनने कुणाला शिवी दिली नाही, हे खरं. आपल्या लोकांबद्दल गाण्याचा हक्क त्याला आहे, आणि ज्यांचा इतिहास गुलामीत पुसला गेला त्यांनी 'आमचं मूळ एक' असं म्हणणं यात वावगं काय? पण मग त्याला 'आफ्रिकी माणूस' म्हणता आलं असतं. त्याने 'कॅरिबियन' म्हटलं. म्हणजे आम्ही-चं गाणं आपण-च्या नावाने गायलं. चूक विषयात नाही, सर्वनामात आहे. आणि इथे स्पर्धेची जबाबदारी येते. हेच गाणं एखाद्या टेंटमध्ये राहिलं असतं तर ते एका समाजाचं आत्मगीत ठरलं असतं. सवानावर त्याला मुकुट मिळाला तेव्हा त्या सर्वनामावर सरकारी शिक्का बसला. परीक्षक शब्दांना गुण देतात, चालीला देतात. हे गाणं कुणाला 'आपण' म्हणतं, याला कुठलाच रकाना नाही.

यानंतर काय झालं ते जास्त बोलकं आहे. १९९५ मध्ये हाच ब्लॅक स्टॅलिन पुन्हा मोनार्क झाला, पाचव्यांदा. त्या वर्षीच्या त्याच्या दोन गाण्यांपैकी एक होतं सुंदर पोपोला वाहिलेली मानवंदना. सुंदर पोपो म्हणजे चटणी संगीताचा बाप. चटणी हे तिकडच्या भारतीय लोकांचं लग्नघरातलं नाचाचं संगीत, ढोलक, धनताल, हार्मोनियमवर चालणारं. 'नाना अँड नानी' या त्याच्या गाण्यात भोजपुरी हिंदी आणि त्रिनिदादी इंग्रजी एका ओळीत नांदतात. (आपल्या मुंबईच्या बाबला-कांचन जोडीने त्याची गाणी रेकॉर्ड केली, त्यामुळे आपल्याकडच्या काही लोकांनी सुंदर पोपो नकळत ऐकलेलाही असेल.) सोळा वर्षांपूर्वी ज्याच्या गाण्यातून भारतीय वगळले गेले, तोच आता एका भारतीय गायकाला देशाच्या सगळ्यात मोठ्या मंचावर मुजरा करतो, आणि तेच सवाना त्याला मुकुट देतं.

हे प्रायश्चित्त होतं का? तसं म्हणायला आम्ही तयार नाही. गाण्याला तसं वाचणं म्हणजे त्याला छोटं करणं. आम्हाला त्यात एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेली दाद ऐकू येते, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. मात्र एक टीका करायला हवी. संगीतकाराला मिठी मारणं सोपं असतं. १९७९ च्या वादात प्रश्न सत्तेचा होता, देश कुणाचा याचा होता. १९९५ च्या गाण्यात देश एका मैफलीपुरता एक होतो. सुंदर पोपो आत येतो, त्याचा ऊस तोडणारा आजोबा दारातच राहतो.

आणि त्या मैफलीचं आयुष्य किती, तर एक वर्ष. नोव्हेंबर १९९५ मध्ये बासदेव पांडे देशाचे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले. पुढच्याच कार्निवलमध्ये, १९९६ साली, मोनार्क ठरला क्रो क्रो, आणि त्याच्या विजयी गाण्याचा सूर असा, की काळ्या लोकांनी आपल्याच हाताने आपलं राज्य घालवलं, आता भोगा. यावर पुन्हा गदारोळ झाला. या गाण्याबद्दल आमचं मत स्टॅलिनच्या गाण्याहून कडक आहे. क्रो क्रो कसलेला गायक आहे, उपहास त्याच्या जिभेवर आहे, आणि तो बोलतोय स्वतःच्याच समाजाला, हेही मान्य. पण कॅलिप्सोची जुनी ताकद काय होती? खुर्चीवरच्याला टोचणं. स्पॅरोने टोचलं, चॉकडस्टने टोचलं. १९६८ मध्ये शिक्षण खात्याने शिक्षक असून गातो म्हणून हरकत घेतली तर त्याने खात्याला गाण्यातूनच उत्तर दिलं. जिप्सीने १९८६ मध्ये देशाला बुडणारं जहाज म्हटलं आणि त्याच वर्षी तीस वर्षांचं सरकार कोसळलं. या सगळ्यांनी सरकारला धरलं. क्रो क्रोच्या गाण्यात मात्र सरकार म्हणजे एक वंश, आणि पराभव म्हणजे वंशाचा पराभव. टेंटमध्ये आपल्यासारखेच लोक बसलेत असं गृहीत धरलं की असं होतं. भारतीय प्रेक्षक टेंटकडे फिरकत नाहीत अशी तक्रार मग तिथे करतात. कसे फिरकतील?

आता गावस्करच्या गाण्याची एक तारीख बघा. १९७१ चा कार्निवल फेब्रुवारीत झाला. कसोटी मालिका संपली १९ एप्रिलला. म्हणजे रिलेटरने गावस्करवर गायलं ते हंगाम उलटून गेल्यावर, ज्या विषयाला त्या वर्षी कुठला मुकुट लागू नव्हता. समोर परीक्षक नव्हते, गुणपत्रिका नव्हती, राष्ट्राचं प्रवक्तेपद नव्हतं. एक खेळ झाला, आपण हरलो, त्याचं गाणं झालं. आम्हाला वाटतं, त्या गाण्यातला मोकळेपणा याच्याशी निगडित आहे. पुढे १९८० मध्ये रिलेटर मोनार्कही झाला, महागाईवर गाऊन. तेही गाणं चांगलं आहे. पण जगभर लोक त्याला ओळखतात ते गावस्करच्या गाण्याने.

याचा अर्थ स्पर्धा नको असा काढू नका. स्पर्धेने काही दारं उघडली, आणि ती तिनेच उघडली. टोबॅगोची कॅलिप्सो रोझ १९७८ साली जिंकली तेव्हा त्या मुकुटाचं नाव 'कॅलिप्सो किंग' होतं. बाई किंग कशी होणार? मग नाव बदलून 'मोनार्क' करावं लागलं. शंभर लेखांनी जे झालं नसतं ते एका निकालाने झालं. आदल्या वर्षी तिने रोड मार्चही जिंकला होता, तोही पहिल्यांदाच एका स्त्रीने. (पुढचा धडा मात्र असा, की दुसरी स्त्री, सिंगिंग सँड्रा, मोनार्क व्हायला १९९९ साल उजाडलं.)

आणि खरी मिसळ कुठे झाली म्हणाल, तर ती मुकुटाच्या फार जवळ झाली नाही. लॉर्ड शॉर्टी दक्षिणेतल्या भारतीय वस्तीच्या भागात वाढला. १९७३ मध्ये त्याने 'इंद्राणी' या गाण्यात ढोलक आणि धनताल आणले. त्याला शिव्या पडल्या, हा कसला कॅलिप्सो म्हणून. मग त्याने तीच भारतीय लय पाश्चात्त्य ड्रमसेटवर वाजवून घेतली, आणि त्यातून 'सोका' जन्मला, ज्यावर आज सगळा कार्निवल नाचतो. १९८७-८८ मध्ये द्रुपती रामगुनाई ही हिंदू घरातली मुलगी चटणी-सोका घेऊन आली. तिच्यावर टीका झाली ती उलट बाजूने, हिंदू मंडळींकडून, आमची मुलगी तिथे कशाला गेली म्हणून. तिच्या गाजलेल्या गाण्यात तासा वाजतो. तासा म्हणजे आपला ताशाच. शब्द तोच, थाप ओळखीची, फक्त तिथे तो मोहरमच्या 'होसे' मिरवणुकीतून आला आणि हिंदू लग्नात, कार्निवलात सगळीकडे पसरला. या दोघांच्या गाण्यात 'आपण' शब्दांत कुठे नाही. तो ठेक्यात आहे. परीक्षकांना ठेका ऐकू आला, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही, म्हणून चटणी-सोकासाठी १९९६ मध्ये वेगळी स्पर्धाच काढली. सोकाची आधीच वेगळी निघाली होती. आता प्रत्येकाला आपापला मुकुट आहे.

समीक्षक गॉर्डन रोलेर यांचं १९९० चं स्वातंत्र्यपूर्व कॅलिप्सोवरचं जाडजूड पुस्तक ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर मिळवावं. नायपॉलनेही १९६२ च्या प्रवासवर्णनात कॅलिप्सोबद्दल एक मार्मिक निरीक्षण केलं आहे: त्रिनिदादी माणूस वास्तवाला हात लावतो तो फक्त कॅलिप्सोत. नायपॉलच्या तोंडून एवढी स्तुती म्हणजे खूपच झालं.

घरी गेल्यावर तीन गाणी याच क्रमाने ऐका: आधी स्टॅलिनचं १९७९ चं, मग त्याचंच सुंदर पोपोवरचं, शेवटी रिलेटरचं. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. 'वुई' आला की थांबा, आणि मनात त्याचं मराठी करा. आता प्रश्न घेऊ. मागच्या बाजूला कुणीतरी बराच वेळ हात वर करून बसलंय.